जुलैत पेरलेले डेल्फिनियम

लिटल मार्कम,
१९ सप्टेंबर

प्रिय केल्विन,

आईचे आशीर्वाद. मी बरी आहे, तुझे बाबाही बरे आहेत. पाऊस नको तेव्हा येतो आणि हवा तेव्हा तोंड लपवतो. तुझी सगळी पत्रं मिळाली. त्यांत आमची चौकशी सगळी मिळून एक ओळ, बाकी सगळं त्या डेल्फिनियमच्या फुलझाडांचं.

अरे, तुरुंगातल्या बागेत फावडं धरलंस म्हणून आता आईला शिकवायला निघालास? बी ताजं हवं, ट्रे गार जागी ठेव, माती जास्त ओली करू नकोस. मी इतकी वर्षं काय प्लॅस्टिकची फुलं लावत होते? तरी तुझं ऐकलं. जुलैच्या उकाड्यात ते बी उगवेना, म्हणून ट्रे कोठीच्या खोलीतल्या फरशीवर ठेवले. तुझे बाबा चीज काढायला गेले की हटकून त्यांना अडखळायचे. ल्युपिनच्या फुलांचं बी कपात भिजत घातलं होतं, तर बाबांनी न बघता त्यावर चहाच ओतला. उगवलं मात्र सगळं, चहातलंसुद्धा.

मग गोगलगायी आल्या. शेजारच्या पार्जेटरबाई म्हणाल्या, बशीत बिअर ठेवा, त्यात पडून मरतात. बाबा म्हणतात, "मला घरात थेंब नाही, आणि गोगलगायींचा पाहुणचार!" घरात दारू आणायची नाही हा नियम मी तेवढ्या बशीपुरता मोडला.

एकेक रोप सुटं करून लावायचं काम जिवावर आलं. मनगट अजून दुखतं. जिन्यावरून पडले होते ना, तेच.

पार्जेटरबाईंची मान सदा कुंपणावर. "आत्ता पेरून फुलं कधी बघणार हो?"

"पुढच्या जूनला."

"म्हणजे तोवर केल्विन सुटून घरी आलेला असेल."

मी म्हटलं, "मला शेंगा तोडायच्यात," आणि आत निघून आले.

तू दर पत्रात विचारतोस, रोपं कुठे लावलीस, फाटकाजवळ की भिंतीशी? थंडीच्या आत जमिनीत गेली पाहिजेत, मुळं धरली की बर्फही त्यांचं काही वाकडं करत नाही, एकदा बसली की हलवू नयेत. ठाऊक आहे रे बाबा मला. उत्तर मीच टाळते आहे. आजही गोगलगायी झाल्या, चहा झाला, पार्जेटरबाई झाल्या, आता लिहायला दुसरं काही उरलं नाही.

बाबांनी तुझी खोली रंगवायला घेतली आहे. रोज विचारतात, निळा की पांढरा? मी खेकसते, आणि त्यांना वाटतं मी रंगावरूनच चिडले. केल्विन, तू घरी येऊ नयेस असं म्हणणारी मी आहे. बाबा नाहीत, गाव नाही, मी.

त्या दुकानफोडीचं काय ते कोर्टाने पाहिलं. माझ्या मनगटाचं कोर्टात आलंच नाही. मी जिन्यावरून पडले नव्हते. माझा हात पिरगाळून तू पर्स घेतलीस, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. बाबांना आज संध्याकाळी सांगणार आहे, म्हणून त्याआधीच हे पत्र टाकते. नाहीतर ते मला टाकू देणार नाहीत.

मी बदललोय असं तू लिहितोस. खरं असेल. इवल्याशा बियांची इतकी काळजी करणारा माणूस बदललाच असेल. पण जिन्यावर पाऊल वाजलं की मी अजून पर्स छातीशी धरते, मग ते पाऊल बाबांचं का असेना. आपल्याच घरात मला असं जगायचं नाही.

रोपं जमिनीत लावलेली नाहीत. एकूण एक कुंड्यांत लावली आहेत. हिवाळा भिंतीच्या आडोशाला काढतील. मार्चमध्ये सुटलास की तुला जिथे खोली मिळेल तिथे बाबा गाडीतून आणून देतील. हातभर तरी माती असलेली जागा बघ. फुललं की कळव. मी दुपारच्या चहाला येईन आणि संध्याकाळच्या बसने परत जाईन.

तुझ्यावर चिडलेली, तुला घाबरणारी, आणि तरीही तुझीच,
आई