एका माणसाच्या दोन फायली

३ मार्च
थोरल्याला परत रक्त गेलं. दोन महिने लपवत होता. आज न्हाणीच्या दाराआडून म्हणाला, "बाबा, दवाखान्यात चला माझ्याबरोबर." चाळिशीला टेकलेला वायरमन, दाढी माझ्यापेक्षा दाट, आणि बापाला सोबत मागतो! किती घाबरला असेल.

सरकारी दवाखान्यात या खिडकीवरून त्या खिडकीवर तीन खेपा झाल्या. बायकांच्या विभागाच्या खिडकीवरचा कारकून म्हणतो, कार्डावर पुरुष आहे, पुरुषाला हा विभाग संगणक देत नाही, सर्जरीकडे जा. सर्जरीवाले म्हणतात, गर्भाशयाचं दुखणं आमच्याकडे येत नाही. थोरल्याने हळू आवाजात समजावलं – जन्म मुलीचा, सहा वर्षांपूर्वी कागद बदलले, पण आतलं सगळं तसंच आहे. रांगेतल्या बायका बघत होत्या. कारकून म्हणाला, "मला कळतंय हो. याला कळत नाही," आणि संगणकाला टिचकी मारली.



४ मार्च
बीपीची गोळी घेतली की नाही, आठवत नाही. दोनदा घेतली असेल तर?

६ मार्च
मी एक केलं. बरं की वाईट, देव जाणे.

थोरल्याचं मुलीच्या नावाचं जुनं दवाखान्याचं कार्ड माझ्या ट्रंकेत होतं. सहा वर्षांपूर्वी त्याने फाडून टाकायला दिलं होतं, मी फाडलं नव्हतं. का, ते मलाही सांगता येणार नाही. सकाळी त्याला बाकावर बसवलं, खिडकीपाशी मी एकटा गेलो आणि ते कार्ड सरकवलं. आज दुसरीच बाई होती खिडकीवर. लगेच नवी फाइल निघाली! आत टोकनच्या आकड्याने बोलावतात, म्हणून त्याला कळलं नाही.

डॉक्टरबाई नीट बोलल्या म्हणे. आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट. पण ते टेबल, ते पाय बांधून घेणं – बाहेर आला तेव्हा चेहरा पांढराफटक. पुन्हा या टेबलावर चढणार नाही म्हणाला. नंबर कसा लागला म्हणून विचारलं. मी म्हणालो, ओळख निघाली.

१४ मार्च
रिपोर्ट नाही.

१९ मार्च
थोरला स्वतः जाऊन आला. त्याच्या नावावर अशी तपासणी झालेलीच नाही म्हणे. तुकडा परत काढावा लागेल. तो म्हणतो, नाही, जे व्हायचं ते होऊ दे.

रिपोर्ट कुठे असेल ते मला तेव्हाच कळलं. मुलीच्या फायलीत! तरी तोंड उघडलं नाही. ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठलो. आमच्या हिने ओळखलं. भांडी पुसता पुसता म्हणाली, "काहीतरी करून बसलायत तुम्ही. त्याला सांगा, नाहीतर मी सांगते." हिला अजून माहीतसुद्धा नव्हतं काय ते.

२० मार्च
सांगितलं. तो बूट घालत होता. एक पायात, एक हातात. मग म्हणाला, "चाळीस वर्षं टपाल वाटलंत बाबा. आणि माझंच पत्र भलत्याच्या नावावर टाकलंत." ओरडला असता तर बरं झालं असतं.

मग स्कूटरवर मागे बसवून मलाच घेऊन गेला. रिपोर्ट तेरा तारखेपासून पडून होता. कॅन्सर. डॉक्टरबाई म्हणाल्या, पसरलेला दिसत नाही, पण आता एक आठवडाही घालवू नका, पिशवी काढायची. सत्तावीसची तारीख राखून ठेवली. मात्र ऑपरेशनआधी पेशंटचा अंगठा घेतात, तो थोरल्याच्या नावावर आहे. रिपोर्ट दुसऱ्याच नावावर. दोन्ही एका फायलीत आणा, नाहीतर भूल देणारे हात लावणार नाहीत.

सात दिवस माझ्यामुळे गेले.

२२ मार्च
फायली एक होत नाहीत. नियमात तसा रकानाच नाही. चालू फायलीतला कागद दुसरीकडे जात नाही, आधी ती फाइल बंद करावी लागते. बंद करायला कारणं दोनच – स्थलांतर किंवा मृत्यू. स्थलांतर लिहिलं तर सगळे कागद दुसऱ्या गावच्या दवाखान्याकडे जातात. मृत्यू लिहिला तर जवळच्या नातेवाइकाच्या हातात देतात.

डॉक्टरबाईंनी आमच्यासमोर वरच्या साहेबांना फोन लावला. बराच वेळ भांडल्या. साहेब म्हणाले, सूचना चांगली आहे, लेखी पाठवा, पुढच्या परिपत्रकात बघू. बाईंनी फोन ठेवला आणि आम्हाला खिडकीवर पाठवलं.

कारकुनाने मुलीच्या फायलीसाठी मृत्यूचा फॉर्म दिला. हे दवाखान्यापुरतंच आहे आजोबा, मनाला लावून घेऊ नका, म्हणाला.

२४ मार्च
फॉर्म दोन दिवस तसाच. पेन उचलतो, ठेवतो. थोरल्याला विचारलं, तुला कसं वाटेल रे? म्हणाला, "मला काही नाही वाटणार. तुम्हाला वाटेल." आणि पंख्याची वायर सोलत बसला.

ही म्हणते, कागदच आहे तो. पण म्हणताना माझ्याकडे बघत नाही.

२५ मार्च
खिडकीपाशी उभं राहून सही केली. रिपोर्ट मिळाला, थोरल्याच्या फायलीत लागला. बाकीचं आज लिहवत नाही.

२७ मार्च
आठला आत नेलं. अकराला डॉक्टरबाई बाहेर आल्या, पिशवी काढली, गाठ पूर्ण निघाली म्हणाल्या. ही भिंतीला टेकून रडली. मला रडू आलं नाही. मी परवाच रडून घेतलं होतं, त्या खिडकीपाशी, मेलेल्या मुलीच्या बापासारखा, अख्ख्या रांगेदेखत. कारकून खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. आणि माझी पाठ थोपटत होता थोरला.