बेचाळीस डबे आणि एक किंचाळणारा सेन्सर

मी, शाळेच्या प्रयोगशाळेतून सहायक म्हणून निवृत्त झालेली, वय बहात्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी दडपण आणलेले नाही. आणायला आले असते, तर त्यालाच लिहायला बसवले असते.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलाला आणि सुनेला निम्मी-निम्मी.

२. माझ्या खोलीत बेचाळीस डबे आहेत. त्यांत रेझिस्टर, एलईडी, बझर आणि टपालाच्या तिकिटाएवढी मॉड्यूल आहेत: कुणी उष्णता मोजते, कुणी ओल ओळखते, कुणी टाळी ऐकते. आमचे हे गेल्यावर रिकामपण खायला उठले, तेव्हा हा नाद लागला. मुलाने एकदा "आई, हा कचराच ना?" असे विचारत एक डबा फेकून दिला. उत्तरासाठी थांबला नाही. सबब त्याला यातले एक रेझिस्टरही मिळू नये.

३. दिरांविषयी. ते वरच्या मजल्यावर राहतात. स्वयंपाकघरातला माझा गॅसचा सेन्सर कांदा करपला तरी किंचाळायचा, हे मान्य. "वहिनी, तुमच्या पोपटाला आवरा!" असे ते जिन्यातून ओरडत.

एका सकाळी शेगडीवर काहीच नसताना तो किंचाळू लागला. मुलगा वायर उपटायला धावला. "हात लावू नकोस!" मी ओरडले. गॅसची रबरी नळी चिरली होती. सुनेने सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. तेवढ्यात दीर तक्रार घेऊन दारात. ओठांत सिगारेट, हातात लायटर. मी हातातला वीज मोजायचा मल्टीमीटर त्यांच्या मनगटावर हाणला. लायटर उडून धुण्याच्या बादलीत पडला.

मागोमाग जाऊबाई आल्या. त्यांनी बादलीत पाहिले, मग नवऱ्याकडे.

"अकरा वर्षांपूर्वी सोडली होती ना तुम्ही?"

जीव वाचला त्याचे काही नाही. तेव्हापासून दीर माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना मी माफी देते. मल्टीमीटर देत नाही, तो फुटला.

४. सगळे डबे, टेबल आणि सोल्डरिंगचे सामान सुनेला. गॅस गळाला त्या दिवसापर्यंत आमच्यात सहा वर्षे "चहा ठेवलाय" आणि "बरं" यापलीकडे बोलणे नव्हते. त्या दुपारी ती खोलीच्या दारात उभी राहिली. "अहो आई, तो ओरडतो कसा, दाखवाल?"

दाखवले. तीन आठवडे तिने बोटे भाजून घेतली, रेझिस्टर न लावता बारा एलईडी जाळले. मग एकदा हिरवा दिवा लागला आणि ती ओरडली, "आई, लागला गं!"

गडबडीत "अहो" राहून गेले. तिने ते पुन्हा आणले नाही, मीही मागितले नाही.

वरील मजकूर मी दोनदा वाचला असून त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

सही (डाव्या अंगठ्याला फोड आहे, उजवा हात ठीक)

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर. आधी नाडी पाहिली, मग सही केली.
२. तळमजल्यावरचे शिंपी. चष्मा विसरले, म्हणून मोठ्याने वाचून दाखवले.

ठिकाण: माझ्या खोलीतले टेबल
दिनांक: चौदा मार्च, रविवार

ता. क. शाई वाळावी म्हणून सुनेने स्वतः जोडलेला छोटा पंखा लावला. तो उलटा फिरतो. वारा भिंतीकडे जातो. तिला अजून बरेच शिकवायचे आहे. तेव्हा या कागदाची कोणी घाई करू नये.