नवव्या भागावरची लाल रेघ

प्रिय साधनाताई,

आधी माफी मागते. शुद्धलेखन माझं तुला माहीतच हाय, ऱ्हस्व-दीर्घ मी पहिल्यापासून अंदाजानं देते. अन् टाईप करायला लई वेळ लागून राहिला, कारण तुझ्या फोनची काच जिथं तडकली तिथंच 'ळ' अन् 'ण' येतात. चार चार बार दाबावं लागतं. त्यात बोटं हळदीनं पिवळी. आपली हळद शिजवून झाली, खळ्यावर वाळू घातली, अन् शेळ्या-कुत्रे तुडवू नयेत म्हून राखणीला मी. ताडपत्रीच्या सावलीत बसून तीन दुपारी झाल्या हे लिहून राहिले.

तुझा फोन माझ्याकडं कसा, असं वाटलं असंल. सिम काढून तू तो गव्हाच्या कोठीत ठिवला होतास. विश्वंभरदादाला सापडला. आठ दिवस त्यानं त्यातलं सगळं उकरलं, काही घावलं न्हाई तवा फळीवर फेकून दिला. मी गुपचूप उचलला. मायच्या फोनचं नेट घेते अन् चालवते. मायला ठाऊक हाय का न्हाई ते मला कळत न्हाई. तिला पुष्कळ ठाऊक असतं.

ह्या मेलवर लिहिते कारण तुझा दुसरा पत्ता न्हाई. पण हा मेल फाट्यावरच्या दिपकनं काढून दिलेला, तू त्याच्या सेंटरवर फॉर्म भरायला जायचीस तवा. अन् अख्ख्या गावाचे पासवर्ड त्याच्या वहीत असतात. म्हून मी सांभाळून लिहून राहिले. दिपकभाऊ, तूच वाचत असशील तर इथंच बंद कर. तुला तुझ्या मायची शपथ हाय.

आता मुद्द्याचं. एक सिरीयल हाय ती तू बघ. तुझ्याच ॲपवर हाय. जपानची, चितारलेली. कार्टून म्हणलं की दिपक चिडतो, ॲनिमे म्हण म्हणतो. नाव इंग्रजीत हाय, मला नीट वाचता येत न्हाई, पण चित्रात बस स्टॉपवर एक हिरवा बूट पडलेला हाय, त्यावरून वळखशील. आवाज हिंदीत हाय. भाग बारा.

शहर लई मोठं. कोणी कोणाला वळखत न्हाई. एका सकाळी बस स्टॉपवर पोरीचा एकच बूट दिसतो, अन् दर भागात तो बूट बघितलेला एक एक माणूस येतो. गाड्या लावायच्या जागेचा वॉचमन म्हणतो खून झाला. डबे करून इकणारी बाई म्हणते, माझ्या नवऱ्याच्या त्या सटवीचाच असंल. एक मास्तर हाय, त्याची नोकरी गेली तरी रोज डबा घेऊन घरून निघतो, तो बूट बघून पळूनच जातो. एक म्हातारा दिवसभर नुसता बसमधी बसून गोल फिरतो, कारण घरी कोणी न्हाई. सगळे एकमेकांवर डोळा ठिवून, अन् कोणालाच ठाऊक न्हाई की आपण सगळे एकाच बसनं जातो. पहिल्या भागात डबेवाल्या बाईच्या मागं एक माणूस छत्री झटकतो, आपलं ध्यानपण जात न्हाई. चौथ्या भागात कळतं, तो मास्तर होता, अन् तिचाच डबा त्याच्या हातात. मी तर उडालेच. मारामारी न्हाई, गाणी न्हाई, तरी जीव गुतून पडतो. नक्की बघ.

आपल्या गावात उलटं हाय. इथं सगळ्याला सगळं ठाऊक, अन् खरं कोणालाच न्हाई. तुझी एक चप्पल विहिरीच्या पायरीवर सापडली त्या सकाळी तर प्रत्येकाकडं एक एक गोष्ट होती. दोन मोटारी लावून दिवसभर पाणी उपसलं. पुसेगावचे पाव्हणे, तुला ज्यांच्या घरी द्यायचं ठरलं होतं ते, काठावर उभे राहून रुमालानं तोंड पुसत होते. सोनाजीकाका खाली उतरला, गाळ चाचपला, वर येऊन बोळक्या तोंडानं म्हणाला, पोरगी हितं न्हाई. अन् एक चप्पल काढून कोण मरतंय रे, मरणारा दोनी काढतो. मायचं रडणं तिथंच थांबलं. ती उठली, घरी गेली अन् एवढ्या जोरात भांडी घासली की कढईचं बूड निघालं असतं.

ती विहीर आठवती ना? आपलं पायऱ्यांवरून किती भांडण व्हायचं. तू मोजल्या की एक आकडा, मी मोजल्या की दुसरा. सोनाजीकाकानं मोजून दिल्या, माझाच बराबर निघाला, तरी तू तुझाच धरून बसलीस. दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाईस. आकडा मी इथं लिहीत न्हाई. काहून ते खाली सांगते.

तर फोन मला घावला तवा ॲपमधी ह्याच सिरीयलखाली, कुठवर बघितलं ते दाखवणारी, लाल रेघ होती. तू पहिला भाग पुरा बघून ठिवला होतास. मी लावला, अन् दुसऱ्याच मिनिटाला तो हिरवा बूट. एकच. ताई, खरं सांग, तू हे बघूनच केलंस ना? मी हसले. तू गेल्यावर पहिल्यांदा हसले, अन् मग मला माझीच भीती वाटली.

मी दुसरा भाग बघून फोन ठिवला. दुसऱ्या दिवशी लाल रेघ चौथ्यावर. म्हंजी तुझंच खातं उघडून कोणीतरी बघून राहिलं, ह्याच फोनवर न्हाईतर दुसऱ्या. भूत म्हणावं तर भुताला नेट कोण देतं? पहिला संशय दादावर. पण तो ट्रॅक्टर ओढायच्या शर्यती सोडून काही बघत न्हाई, अन् हा फोन माझ्याकडं हाय हे त्याला कळलं असतं तर मी हे लिहायला राहिले नसते. मग संशय दिपकवर. गावानं पण त्याच्यावरच घेतला होता, दादानं त्याच्या सेंटरची खुर्ची मोडली, पण तो तर फाट्यावरच राहिला, कुठं गेला न्हाई.

म्हून मी गेले त्याच्याकडं. तुला माहीत हाय, मला दुकानात जाऊन मीठ मागायला तकलीफ होते. वाटनं सात बार वाक्य म्हणत गेले. आधार कार्डाची झेरॉक्स काढता काढता विचारलं, दिपकभाऊ, ते बुटाचं ॲनिमे तुमी बघता का? तो म्हणाला, छ्या, शहरातल्या लोकाईचं रडगाणं कोण बघतं. आता सांग, मी फक्त बूट म्हणले. शहर त्याला कोणी सांगितलं? अन् निघताना झेरॉक्सचे पैसे घेतले न्हाई. म्हणाला, तुझी ताई हुशार हाय. सगळं गाव तुला 'होती' म्हणतं, ताई. माय पण चुकून म्हणते. तो 'हाय' म्हणाला, अन् पटकन मशीनकडं तोंड केलं.

तवापासून मी रेघंवर पाळत ठिवली. हप्ताभर थोडी थोडी सरकते, रविवारी दोन दोन भाग. म्हंजी बघणाऱ्याला रविवारी सुट्टी असती. एकदा मी मुद्दाम सहावा भाग मागं नेऊन ठिवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढं. म्हंजी पलीकडं माणूस हाय, मशीन न्हाई. मग मी तुझ्या मागं मागं बघू लागले. तू पुढं, मी मागं, शाळेला जायचो तसं.

शाळेचं सांगायचं राहिलं. मी सोडली. कोणी विचारलं तर सांगते, मन लागत न्हाई. खरं असं की तू गेलीस त्याच हप्त्यात दादानं माझं दप्तर माळ्यावर टाकलं. म्हणाला, एकीनं शिकून दिवे लावले, दुसरीचे नको. दहावीचा फॉर्म भरलेला होता, परीक्षेला पाठवलं न्हाई. बापूंनी नुसती टोपी काढून पुन्हा घातली. तुझा राग येतो मला. न्हाई कसं म्हणू. पण पुसेगावचे पाव्हणे तोंड पुसत होते ते आठवलं की कमी होतो.

आता हे पत्र काहून ते लिहिते. नवव्या भागाच्या अर्ध्यात रेघ थांबली, त्याला अकरा दिवस झाले. दोन रविवार गेले. मी रोज सकाळी बघते, दुपारी बघते. फोन बिघडला असंल. कंटाळली असशील. न्हाईतर ती तू कधी नव्हतीसच, दुसरंच कोणी होतं, अन् मी उगं परक्या माणसामागं चालत होते. ह्याच्यापुढचा इचार मी करत न्हाई. मला उत्तर नको. फोन नको. कुठं हाईस ते तर सांगूच नको, दादानं इचारलं तर मला खोटं जमत न्हाई. फक्त एवढं कर. दहावा भाग लाव, अन् आपल्या विहिरीच्या जितक्या पायऱ्या तितक्या मिनिटावर थांबव. खऱ्या पायऱ्या न्हाई, त्या कोणी पण मोजील. तुझ्या पायऱ्या. तो चुकलेला आकडा जगात आपल्या दोघींशिवाय कोणाला ठाऊक न्हाई. बूट कोणाचा ते मला पण माहीत न्हाई. मी दहावा अजून लावला न्हाई. तू पुढं हो, मी मागून येते.

तुझीच,
पायऱ्या बराबर मोजणारी
दर्शी

अगं, अन् सोनाजीकाकानं नांदेडला जाऊन दात बसवले. सगळेच. वळखू येत न्हाई, अन् सकाळपासून घरोघरी जाऊन उगंच हसून राहिला.