मान कलवल्यावर सरकलेली सावली

प्रिय रणजित,

आईचा गुडघा बरा आहे. परवा ती सांगवीच्या मळ्यापर्यंत एकटी चालत गेली. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू हसतोस आणि माझं बोलणं तिथंच राहतं.

गेल्या आठवड्यात तू तुझ्या इंदापूरच्या दातांच्या दवाखान्यातून शकुबाईंना माझ्या बारामतीच्या सेंटरवर जबड्याच्या स्कॅनसाठी पाठवलंस. त्यांनी कानातल्या कुड्या काढून पदराच्या टोकाला बांधल्या, पण दातांवरच्या धातूच्या टोप्या कुठं काढणार? स्कॅनमध्ये टोप्यांशेजारी काळे पट्टे उमटले. धातू किरण अडवतो, म्हणून ती खोटी सावली पडते, हे तुलाही शिकवलंय. आमचं सॉफ्टवेअर ती बरीचशी पुसतं. पण तुझा निरोप आला, "ताई, ते पुसू नको. काळं दिसलं की हाड कुजलंय हे पेशंटला पटतं." तोंडात सडकं काही आल्यासारखं झालं. समोरचा चहा तसाच राहिला.

मग स्वतःचाच संशय आला. सॉफ्टवेअर कधीकधी खरा दोषही पुसतं. तूच बरोबर असशील तर? म्हणून शकुबाईंना विचारून, त्यांची मान थोडी कलवून, तेवढ्याच भागाचा छोटा स्कॅन पुन्हा घेतला. पट्टा सरकला. त्याखालचं हाड धड होतं. कुजलेलं हाड मान कलवल्यावर जागा बदलत नाही, रणजित. शकुबाई म्हणाल्या, "सायब म्हणलं, तीन दात काढून स्क्रूचं बसवाय लागत्याल. पर तितं मला दुखतच न्हाय, बाई. तुमच्या भावाला माझ्या दातांचा लई लळा लागलाय." त्या हसत होत्या. मला मान वर करवेना.

सातवीत असताना आबांनी तुला एसटीनं बारामतीला आणलं होतं, आणि डॉक्टरांनी घाईत दुखऱ्याशेजारचा चांगला दात उपटला. सांगवी येईपर्यंत तू तोंडात रुमाल धरून रडलास. घरी आल्यावर म्हणालास, मी दातांचा डॉक्टर होणार. तो मुलगा आणि हा निरोप धाडणारा एकच, हे मला आठवडाभर पटत नव्हतं.

गुरुवारी शकुबाई तुझ्याकडं येतील, पण दोन्ही स्कॅन घेऊन. सरकलेली सावली मी त्यांना बोटानं दाखवलीय. तू पाठवलेल्या बाकीच्यांनाही स्कॅन पुन्हा तपासायला आजपासून परत बोलावतेय. हे तुला त्यांच्या तोंडून नाही, माझ्याकडून आधी कळावं, म्हणून लिहिलं. यंदा भाऊबीजेला तुला ओवाळायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

तरीही तुझीच,
उत्कर्षाताई