माय बी मीच, लेकरू बी मीच

प्रसेनजितदादा,

तुले, वहिनीले अन् लहान्या पोट्टीले लय लय जयभीम. तुही कंबर आता कशी हाय? इकडं केनवडात सारे मजेत हायेत. मी बी बराच आहो, फक्त कॅन्सर झाला. (घाबरू नको, डॉक्टरीन म्हने हा पुरा बरा होनारा हाय. पह्यले सारं वाच.)

झालं असं का गाठ आली अशा जागी, का कोनाले सांगाचं म्हनलं तर माहे कानच लाल व्हाचे. तुले तं माहीत हाय, पंक्चरच्या दुकानात कोनी बाई स्कूटी घेऊन आली तर मी ट्यूबसंगच बोलतो. म्हनून घरी सांगतलं का पाय दुखते. बाबानं एकोनीस वर्साच्या घोड्याचा पाय रोज तेल लावून चोळला, इतका चोळला का चांगला पाय खरंच दुखाले लागला. शेवटी गाठ मोठी झाली, चालता येईना, तवा अकोल्याले नेलं. तिथं डॉक्टर निंगाली बाई! मी डोळे गच्च मिटले, जसं काही मी मिटले का तिले बी दिसनार नाही.

ऑपरेशन झालं. (जोडीतला एक गेला, एकावर भागते म्हने.) मंग गाठीचा तुकडा लॅबमंधी धाडला. तिथं त्याले रंग लावून पाह्यतेत. आपन ट्यूब पान्यात बुडवतो ना, बुडबुडा निंगाला तिथं भोक. तसं ज्या प्रोटीनचा रंग चढीन त्यावरून गाठीची जात समजते. हे आयकून बाबा भडकले. "आमी छप्पन सालीच जात सोडली, अन् याच्या गाठीले कोनं चिटकवली?" डॉक्टरीन खुर्चीतून पडाचीच राह्यली. मंग तिनं समजावलं. दोन प्रोटीनं सापडले. एक गरवार बाईच्या अंगात असते, दुसरं पोटातल्या लेकराच्या. म्हंजे माय बी मीच, लेकरू बी मीच.

आईनं नेमकं एवढंच ध्यानात ठेवलं. आता मले टायर उचलू देत नाही, डिंकाचे लाडू चारते. शेजारची म्हातारी सोजरबाई दारातूनच वरडते, "काय खावं वाटते रे रव्या? चिचा आनू काय?" मी लाजत हो म्हनलं. (चिचा लय मस्त होत्या, दादा.) बाबा म्हनतेत, "आता पाळन्याचं बी पाहा कोनी."

तेच दोन प्रोटीन रक्तात बी होते; ऑपरेशननंतर उतरून राह्यले, पन पाह्यजे तेवढे नाही. म्हनून केमो द्याचं ठरलं. केस जातीन, मंग येतीन.

तुहा रवी

ता. क. खरं काम लिवाचं राह्यलंच. केमोच्या आंधी नागपूरले एका बँकेत नमुना ठेवा लागते, पुढं मले लेकरं व्हावे म्हनून. पैशाची बँक नव्हे. याच्याहून जास्त मी लिवू शकत नाही, तू समजून घे. केमोनंतर मंग काही जमलं नाही तं, म्हनून आत्ताच ठेवाचं. सोमवारी जाचं हाय. बाबाले सुट्टी नाही, आई संग येतो म्हनते. तू ये. तू नाही आला तं मी जानारच नाही.

ता. क. दुसरा. आईले मी सांगतलं का रक्त द्याचं हाय. ते तिनं सोजरबाईले सांगतलं. सोजरबाई म्हने, "बिमार पोराचंच काहून घेतेत मेले? आमचं बी घ्या म्हना." दोघीनं साड्या इस्त्रीले टाकल्या. दादा, रविवारीच ये.