बूट माझ्याकडे होते

प्रेमराज,

शिरपूरच्या शर्यतीचा फोटो आज आला, म्हणून लिहिते आहे. नावाआधी चिरंजीव लिहिता येत नाही.

जूनमध्ये सराव करताना तू दरीत पडून गेलास. तिरडीवर ठेवण्याआधी तुझे बूट मीच काढले. तरी तू आखलेल्या हंगामातल्या दोन शर्यती, धुळ्याची आणि शिरपूरची, तुझ्या नावावर पूर्ण झाल्या आहेत. दोन्ही फोटोंत तू अनवाणी आहेस.

आयोजक नथ्थूभाऊंना तू गेल्याचं ठाऊक नाही. म्हणाले, "अक्का, तुमना भाऊ वारा शे वारा! बूट तरी इकत लई द्या त्याले."

आता सातपुड्यातली ऐंशी किलोमीटरची उरली. तिथे काटे फार. पळ, पण त्यानंतर थांब.

तुझी अक्का

ता. १८ जानेवारी. तुझे बूट, एक जोड, सातपुड्याच्या शर्यतीआधी नथ्थूभाऊंच्या नोंदणीच्या टेबलावर दिले. वहीत घेणाऱ्याची सही: प्रेमराज. अक्षर तुझंच.