डाव्या दाढेतली चांदी

मुरबाड, ता. ८ मार्च १९९८

ती. नरेंद्रदादास,
धाकट्या बहिणीचा सप्रेम जयभीम. वि. वि. आमी इकडं बरी आहोत. श्वेता पाढे म्हणते, चुकली की माझ्यावरच डोळे वटारते. अगदी तुझ्यावर गेलीय.

दादा, डाव्या दाढेतली चांदी पुन्हा पडली, दाढेचा टवकाही गेला. भातात खडा आला. तू कामाला आहेस त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचार, दुसरं काय भरलं तर जास्त टिकेल? मी लगेच येत नाय, ह्यांना चालायचं नाय. लवंग धरून दिवस काढते. रागावू नको, माया असू दे.
तुझी संघरत्ना

शहापूर, ता. १३ मार्च १९९८

चि. सौ. संघास,
दादाचे आशीर्वाद व जयभीम. वि. वि. बाईंना विचारलं. पांढरं सिमेंट पाच-सात वर्षं जातं, चांदी दहा-पंधरा. तात्पुरतं घालतो ते कच्चं सिमेंटसुद्धा महिनाभर तग धरतं. तुझी चांदी दिवाळीपासून दोनदा पडली!

अगो, ती मीच खलात घोटली होती. एकाच दिवशी दोन्ही बाजूंना भरली. उजवीकडची जागची हलली नाय. खड्याला काय डावी बाजू कळते? आणि तुझ्या भातात खडा? तांदूळ निवडताना आईच्या चुका काढणारी तू!

इंद्रजीतराव उजव्या हाताचे. समोरून मारलं की डाव्या गालावर बसतं. खरं लिही. नायतर मी येतो, आणि मग माझा हात मला आवरायचा नाय. श्वेताला पापा.
तुझा दादा

मुरबाड, ता. १७ मार्च १९९८

ती. दादास,
जयभीम. वि. वि. पहिली चांदी त्याच्या बुक्कीनं पडली, दुसरी तांब्यानं. तोंडात रक्त धरून मी भाकऱ्या थापल्यात. वाटायचं, काहीतरी पक्कं भरलं तर त्याच्या हाताला पुरून उरेल. म्हणून विचारत होते रे.

तुझं पत्र काल त्याच्या हाती पडलं. केस धरून त्यानं माझं डोकं भिंतीवर आपटलं. श्वेता मध्ये आली, तर तिच्या तोंडावर फटका घातला. तिचा पुढचा दात पडला. दुधाचाच, पण अजून हलतही नव्हता. पोर रडलीसुद्धा नाय, दात मुठीत धरून उभी राहिली.

मग मी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि त्याच्या उजव्या मनगटावर घातला. दोनदा. हाड मोडलेलं ऐकू आलं. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाय. मेल्यानं आता डाव्या हातानं जेवावं.

त्याला दवाखान्यात नेलाय. शेजारची मालू आज शहापूरला येतेय, तिच्या हाती हे पत्र देते. मी आधी पोलिसांत सगळं लिहून देणार, मग उद्या दुपारच्या एसटीनं निघते. आईला सांग, आमा दोघींचा भात टाक. दाढ भरायला नाय, राहायला येतेय. माया आहेच तुझी, घरात जागाही असू दे.
संघरत्ना